गुकेशला पटावर काय दिसते?

१२ डिसेंबर २०२४. सिंगापूर येथे बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातील चौदावा, म्हणजे ठरलेल्या डावांपैकी शेवटचा डाव चालू होता. चीनचा विश्वविजेता डिंग लिरेन आणि त्याचा आव्हानवीर, चेन्नईचा दोम्माराजू गुकेश, या दोघांचेही साडेसहा गुण झाले होते. हा डावही बरोबरीकडे झुकला होता. पंचावन्नाव्या चालीला डिंगने आपला हत्ती दोन घरे मागे घेतला. त्यानंतर त्याने आणखी तीनच चाली केल्या आणि डाव सोडून दिला. गुकेश साडेसात विरुद्ध साडेसहा असा जिंकला. त्या दिवशी त्याचे वय १८ वर्षे होते. त्यापूर्वीचा सर्वांत तरुण निर्विवाद विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह हा १९८५ साली विजेता झाला तेव्हा २२ वर्षांचा होता.

गुकेश २०१३ साली, वयाच्या सातव्या वर्षी बुद्धिबळ शिकला. २०१८ साली तो बारा वर्षांखालील मुलांचा जगज्जेता झाला. जानेवारी २०१९ मध्ये, १२ वर्षे ७ महिने १७ दिवस एवढ्या वयात, त्याला ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटो येथील स्पर्धा जिंकून तो आव्हानवीर ठरला. पट हातात घेतल्यापासून जग जिंकेपर्यंत अवघी अकरा वर्षे!

हे कसे घडते? ‘उपजत बुद्धी, दुसरे काय!’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण विद्यार्थी मित्रहो, हे उत्तर म्हणजे ‘दगड खाली का पडतो? तर खाली पडणे हा त्याचा स्वभावच आहे,’ असे म्हणण्यासारखे आहे. त्यातून आपल्याला नवे काहीच कळत नाही. विज्ञानाचा प्रश्न असा आहे, की पटाकडे पाहताना अशा खेळाडूच्या मनात नेमके काय चालते आणि आपल्या मनात काय चालत नाही?

पुढच्या किती चाली?

पहिला अंदाज सहज सुचतो. चांगला खेळाडू पुढच्या पुष्कळ चाली पाहत असेल. आपण दोन पाहतो, तो वीस पाहत असेल. हा अंदाज हिशेब करून तपासू.

डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० चाली शक्य असतात. आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन, आणि दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन. काळ्यालाही तेवढ्याच. म्हणजे दोघांची एकेक चाल होईपर्यंत २० × २० = ४०० प्रकार झाले. पांढऱ्याची दुसरी चाल होते तेव्हा ही संख्या ८,९०२ होते आणि काळ्याच्या दुसऱ्या चालीनंतर १,९७,२८१. दोघांच्या फक्त दोन-दोन चाली झाल्या आणि आपण दोन लाखांच्या घरात पोहोचलो!

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली या हिशेबाला पुढे नेले. एका वेळी साधारण ३० चाली शक्य असतात असे धरले, तर पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक मिळून सुमारे १,००० शक्यता होतात. डाव ४० चालींचा धरला तर हजाराला हजाराने चाळीस वेळा गुणायचे. उत्तर येते १० चा १२० वा घात, म्हणजे १ या अंकापुढे १२० शून्ये. १९९७ साली कास्पारोव्हला हरवणारा ‘डीप ब्लू’ हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. त्याला विश्वाच्या आरंभापासून आजपर्यंतचा सारा वेळ दिला असता तरी त्याची मजल १० च्या २६ व्या घाताच्या आसपास संपली असती.

तेव्हा सगळे पाहून चाल ठरवणे यंत्रालाही शक्य नाही. माणसाची काय कथा! निवड करावीच लागते. मग प्रश्न असा उरतो, की काय पाहायचे आणि काय सोडायचे हे खेळाडूला कोण सांगते?

एक जुना प्रयोग

हा प्रश्न आद्रियान द ग्रोट या डच मानसशास्त्रज्ञाने हाती घेतला. तो स्वतः ऑलिम्पियाडमध्ये खेळलेला खेळाडू होता. त्याने त्या काळचे श्रेष्ठ खेळाडू आणि साधे चांगले खेळाडू यांच्यापुढे पट मांडला आणि विचार करताना मोठ्याने बोलायला सांगितले. १९४६ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते अनपेक्षित होते. श्रेष्ठ खेळाडू फार खोलवर पाहत होते किंवा फार जास्त चाली तपासत होते, असे आढळले नाही. फरक इतकाच होता, की ते मोजक्याच चाली तपासत आणि त्या मोजक्यांत उत्तम चाल हटकून असे. साध्या खेळाडूंचा वेळ मात्र निरुपयोगी चालींचा पाठपुरावा करण्यात जाई.

द ग्रोटने आणखी एक गोष्ट पाहिली. खऱ्या डावातील स्थिती काही सेकंद दाखवून पट झाकला, तर श्रेष्ठ खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडत. इतरांना ते जमत नसे.

‘म्हणजे त्यांची स्मरणशक्तीच अफाट!’ असे तुम्ही म्हणाल. थांबा. १९७३ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी याच प्रयोगाला एक छोटीशी जोड दिली. (सायमन यांना पुढे १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) खऱ्या डावातील दोन डझनांच्या आसपास मोहऱ्यांची स्थिती त्यांनी पाच सेकंद दाखवली. निष्णात खेळाडूने सुमारे १६ मोहरे बरोबर मांडले, नवख्याने सुमारे ४. नंतर तेवढेच मोहरे त्यांनी पटावर कसेही विखरून ठेवले आणि पुन्हा पाच सेकंद दाखवले. आता निष्णात खेळाडूलाही तीन-चारच मोहरे आठवले, नवख्याइतकेच! पुढच्या काळातील प्रयोगांत विखुरलेल्या मोहऱ्यांच्या बाबतीतही निष्णात खेळाडू किंचित सरस आढळले. पण तो फरक अगदी थोडा.

स्मरणशक्ती अफाट असती तर ती दोन्ही पटांवर चालली असती. तेव्हा रहस्य स्मरणशक्तीत नाही.

तुम्हीच प्रयोग करा

याचा उलगडा करण्यासाठी पट लागत नाही. पुढील अक्षरे पाच सेकंद पाहा, पान झाका आणि वहीत लिहा:

ळ व च्या त मु ग शा र खे टां ले प ता णा ळे

किती जमली? सहा-सात जमली असतील तर उत्तम. आता हे पाहा:

शाळेच्या पटांगणावर मुले खेळतात

पाच सेकंदही लागले नाहीत. पण मोजून पाहा: दोन्हीकडे अक्षरे तीच आहेत, पंधराच्या पंधरा! पहिल्या वेळी तुम्हाला पंधरा सुटे तुकडे सांभाळायचे होते. दुसऱ्या वेळी तुम्ही चार शब्द सांभाळले, कदाचित एकच चित्र. आपल्या मनाच्या ओंजळीत एका वेळी थोडेच तुकडे मावतात. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली ही संख्या सातच्या आसपास सांगितली. ओंजळ सगळ्यांची जवळपास सारखीच असते. पण त्या ओंजळीत कोणी सुटे दाणे घेतो, तर कोणी दाण्यांनी भरलेल्या पुड्या.

मराठी न येणाऱ्या माणसाला ही दोन्ही वाक्ये सारखीच अवघड वाटतील. तुम्हाला दुसरे सोपे वाटते, कारण पहिलीपासून तुम्ही हजारो वेळा हे शब्द वाचले आहेत. निष्णात खेळाडूचे तसेच आहे. राजा, हत्ती आणि पुढची तीन प्यादी हे त्याच्या दृष्टीने पाच मोहरे नसतात. तो किल्लेकोट केलेला राजा, असा एकच ‘शब्द’ असतो. अशा ओळखीच्या रचना निष्णात खेळाडूच्या मनात किती असाव्यात, याचा अंदाज सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो दहा हजारांपासून एक लाखापर्यंत येतो. सुशिक्षित माणसाच्या शब्दसंग्रहाशी त्याची तुलना करता येईल. प्रत्येक रचनेबरोबर एक सूचनाही जोडलेली असते: ‘इथे धोका आहे’, ‘इथे घोडा आत घुसतो’. काय पाहायचे आणि काय सोडायचे हे सांगणारा तो ‘कोण’ म्हणजे ही ओळख होय.

चौदाव्या डावातील तो क्षण

आता सिंगापूरला परत जाऊ. पट जवळ असेल तर मांडाच. स्तंभांना डावीकडून ए, बी, सी… एच अशी नावे आहेत आणि ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे क्रमांक.

पांढरे मोहरे डिंगचे: राजा जी१, हत्ती एफ४, उंट ए८, प्यादे जी३. काळे मोहरे गुकेशचे: राजा ई५, हत्ती बी२, उंट ई६, प्यादी एफ५ आणि जी४. गुकेशचे एक प्यादे जास्त आहे; पण हत्ती आणि उंट पटावर असताना एवढ्या भांडवलावर डाव जिंकता येत नाही. पांढरा नीट खेळला तर बरोबरी.

डिंगने हत्ती एफ२ वर आणला. हत्तीने हत्ती मारला जाणार, हे त्याला दिसतच होते. ते त्याला हवेच होते. मोहरे कमी झाले की बरोबरी जवळ येते, असा साधारण अनुभव आहे. पण त्याच्या उंटाकडे पाहा. तो पटाच्या अगदी कोपऱ्यात आहे. मधल्या घरातून उंटाला दोन तिरक्या वाटा असतात, कोपऱ्यातून मात्र एकच. हत्तींची मारामारी झाल्यावर गुकेशने आपला उंट डी५ वर, त्या एकुलत्या वाटेच्या मधोमध आणून ठेवला. त्याला राजाचा आधार होताच. आता पांढऱ्या उंटाला सुटका नाही. त्या वाटेवर कुठेही थांबला तरी मारला जाणार. नाहीतर स्वतःच मारामारी करायची. उंट गेले आणि पटावर दोन राजे व तीन प्यादी उरली. तो शेवट काळ्यासाठी जिंकणारा आहे.

येथे वीस चाली पुढचे पाहण्याची गरज नव्हती. ‘कोपऱ्यात अडकलेला उंट’ आणि ‘जिंकणारा प्याद्यांचा शेवट’ या दोन रचना ओळखून त्या एकमेकींना जोडायच्या होत्या. पहिल्या क्षणी आपल्याही ते ध्यानात आले नव्हते, आपण दुसरीच चाल करणार होतो, असे गुकेशने नंतर सांगितले. पुन्हा पाहताना ती ओळख जागी झाली. आणि डिंगसारख्या विश्वविजेत्याला ती ऐन वेळी झाली नाही. तीन आठवडे चाललेल्या सामन्याच्या शेवटी थकलेल्या माणसाची दृष्टी चुकू शकते. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवा: ओळख मनात साठवलेली असणे वेगळे आणि ती हव्या त्या क्षणी हाती लागणे वेगळे. परीक्षेच्या दालनात तुम्हालाही हा अनुभव येतोच.

प्रगती मोजायची कशी?

खेळाडूची ताकद मोजण्याची पद्धत घडवणारा मनुष्य भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता, हे सांगताना या लेखकाला थोडा आनंद होतो! हंगेरीत जन्मलेले अर्पाद एलो अमेरिकेत मिलवॉकी शहरातील मार्केट विद्यापीठात शिकवीत. त्यांची पद्धत १९७० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने स्वीकारली. त्यामुळेच या आकड्याला ‘एलो रेटिंग’ म्हणतात.

कल्पना साधी आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधील फरकाला ४०० ने भागा. जो आकडा येईल तेवढा १० चा घात घ्या आणि त्यात १ मिळवा. १ ला या संख्येने भागले, की दुबळ्या खेळाडूला एका डावात सरासरीने किती गुण मिळावेत ते कळते. (विजयाला १, बरोबरीला अर्धा गुण.) फरक ४०० असेल तर घात १० येतो, १ भागिले ११, म्हणजे ०.०९. उरलेले ०.९१ बलवान खेळाडूचे. फरक २०० असेल तर ०.२४ आणि ०.७६.

सामन्याच्या वेळी गुकेशचे रेटिंग २७८३ आणि डिंगचे २७२८ होते. फरक ५५. सूत्रात घालून पाहा: गुकेशला डावामागे सुमारे ०.५८, म्हणजे १४ डावांत सुमारे ८.१ गुण अपेक्षित. प्रत्यक्षात मिळाले ७.५. सूत्र भविष्य सांगत नाही, संभाव्यता सांगते. नाणे दहा वेळा उडवले तर पाचच छाप पडतील असे थोडेच आहे! रेटिंग मोजणे म्हणजे वाऱ्याने हलणाऱ्या दोरीला बांधलेल्या काठीने पाण्यात हिंदकळणाऱ्या बुचाची जागा मोजण्यासारखे आहे, अशा अर्थाची उपमा एलो यांच्या नावे सांगितली जाते. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषक स्पर्धेत नागपूरची दिव्या देशमुख हिला पंधरावे मानांकन होते. तिने अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून चषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताबही मिळवला. वयाच्या १९ व्या वर्षी तिने कमी संभाव्यतेची गोष्ट घडवून दाखवली.

सूत्राची दुसरी बाजूही पाहा. वरच्या श्रेणीत, आपल्याच तोडीच्या खेळाडूला हरवले की रेटिंग ५ ने वाढते. हरले की ५ ने उतरते. गुकेश २०१९ च्या आरंभी २५०० च्या आसपास होता आणि २०२२ साली त्याने २७०० ओलांडले. या २०० गुणांसाठी तुल्यबळ खेळाडूंविरुद्ध पराभवांपेक्षा चाळीस विजय जास्त हवेत. विश्वविजेता झाल्यावर, २०२५ साली, त्याचे रेटिंग खालीही आले. वर जाणारा आलेख सरळ रेषेत जात नाही.

मग सरावच सर्व काही?

गुकेशच्या शिक्षणातली एक गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. त्याचे प्रशिक्षक, ग्रँडमास्टर विष्णू प्रसन्ना यांनी सुरुवातीची काही वर्षे त्याला बुद्धिबळाचे संगणकीय इंजिन वापरू दिले नाही. आजचे इंजिन कोणत्याही स्थितीतील उत्तम चाल क्षणात सांगते. पण गणिताच्या पुस्तकातील शेवटची उत्तरे आधी पाहून उदाहरणे सोडवली तर काय होते, हे तुम्ही जाणता. उत्तर कळते, वाट कळत नाही. स्वतः अंदाज करायचा, चुकायचे आणि चूक कुठे झाली ते शोधायचे. मनातल्या रचना अशा घट्ट होतात.

तरीही ‘कोणीही एवढा सराव करावा आणि विश्वविजेता व्हावे’ असे विज्ञान म्हणत नाही. फर्नांड गोबे आणि गिलेर्मो काम्पितेली यांनी अर्जेंटिनातील खेळाडूंचा अभ्यास करून २००७ साली तो प्रसिद्ध केला. ‘मास्टर’च्या पातळीला पोहोचायला एका खेळाडूला सुमारे ३,००० तास पुरले, तर दुसऱ्याला २३,००० हून अधिक लागले. आणि तेवढे तास घालवूनही काही जण तेथे पोहोचलेच नाहीत. लवकर सुरुवात केलेल्यांना त्याचा फायदा झाल्याचे दिसले. तेव्हा सराव आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. हा भेद भूमितीत तुम्ही शिकताच.

शिवाय तासांना किंमत पडते. गुकेशचे वडील कान-नाक-घसा तज्ज्ञ आहेत. मुलाबरोबर स्पर्धांना जाण्यासाठी त्यांनी आपला व्यवसाय बाजूला ठेवला. आई सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, घर त्यांच्या पगारावर चालले. एका काळात आई-वडिलांच्या मित्रांनी पैशांची मदत केली, असे गुकेशनेच सांगितले आहे. पुढे विश्वनाथन आनंद यांचे मार्गदर्शन मिळाले. यातले काहीच ‘उपजत’ नव्हते. ज्या मुलाच्या गावात शिकवणारा नाही, स्पर्धेला जायला भाडे नाही, त्याच्याही मनाची ओंजळ तेवढीच असते. पुड्या बांधायची संधी मात्र त्याला मिळत नाही. ‘बुद्धीच नाही’ असा शिक्का मारण्यापूर्वी याचा विचार करायला हवा.

विद्यार्थी मित्रहो, हीच गोष्ट तुमच्या अभ्यासालाही लागू आहे. विद्युत्मंडल पाहताच ‘हे रोध समांतर आहेत’ असे ज्याला दिसते, त्याचा मेंदू वेगळ्या मातीचा नसतो. त्याने पुष्कळ मंडले स्वतः काढून, चुकवून, पुन्हा सोडवलेली असतात.

शेवटी एक अभ्यास देतो. डिंगने डाव सोडला ती स्थिती मांडा. पांढरा राजा ई३, प्यादे जी३; काळा राजा ई५, प्यादी एफ५ आणि जी४; चाल पांढऱ्याची. समजा, पांढऱ्याने राजा एफ२ वर नेला. काळ्याने घाईने राजा ई४ वर आणला तर पांढरा ई२ वर समोर उभा राहून वाट अडवतो. त्याऐवजी काळा राजा आधी डी४ वर जातो. आता पांढरा ई२ वर आला, की मग काळा ई४ वर. पट तोच, राजे तसेच समोरासमोर. पण फरक कशात पडला? चाल कोणाची आहे ते पाहा. पांढऱ्याला बाजूला व्हावेच लागते. पुढचा विजय मित्राला समोर बसवून स्वतः शोधा. इंजिन मात्र बंद ठेवा. एकदा हे स्वतः सोडवलेत, की तुमच्या संग्रहात एका रचनेची भर पडेल. गुकेशनेही २०१३ साली एकेक रचना अशीच गोळा करायला सुरुवात केली होती.